जीआर यारिस १/२४ : मागच्या चाकावरचा हायलाइट अखेर जुळला

मंडळी, जुळला एकदाचा! टोयोटाच्या जीआर यारिस या छोट्या वेगवान गाडीचं १/२४ मापाचं मॉडेल मी कॉम्प्युटरवर बनवतोय, पुढे थ्रीडी प्रिंट करायला. दारापासून निघालेला हायलाइट (पत्र्यावरची प्रकाशाची रेघ) मागच्या चाकावर चढून टेललाइटपर्यंत आता एका दमात जातो. झेब्रा मॅटकॅप (पृष्ठभाग तपासायचं पट्ट्यापट्ट्यांचं मटेरियल) लावून मॉडेल गोल गोल फिरवत बसलोय, पट्ट्या कुठे अडखळतात का ते बघतोय, आणि नाही अडखळत. मागच्या अपडेटमध्ये क्वार्टर पॅनलवरचा (मागच्या चाकाच्या पत्र्यावरचा) जो डेंट दाखवला होता आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी "स्मूथ ब्रश मार आणि पुढे जा" असं सांगितलं होतं, तो कसा गेला हे आज सविस्तर लिहितो, कारण ही गाडी मॉडेल करायला घेणारा जवळपास प्रत्येक जण याच जागेवर येऊन अडकतो असं दिसतंय.

एका फेंडरसाठी (चाकावरच्या पत्र्यासाठी) एवढा जीव काढायचा का असं विचारणारेही आहेत, त्यांना माझं उत्तर असं की या गाडीचं डिझाइन म्हणजेच तो फेंडर. साधी यारिस १७४५ मिमी रुंद आहे, जीआर १८०५, आणि वाढलेले ६० मिमी चाकांभोवतीच जाऊन बसलेत. साध्या यारिसला मागे टॉर्शन बीम सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं एका दांड्याने जोडलेली), जीआरला डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र), कारण तिचा फ्लोअर पुढे जीए-बी आणि मागे मोठ्या गाड्यांच्या जीए-सी प्लॅटफॉर्मचा जोडलाय. मागची चाकं बाहेर सरकली म्हणून पत्रा बाहेर आला, आणि त्याच वेळी छत मागे ९१ मिमी खाली घेतलं, विंगला हवा नीट मिळावी म्हणून. म्हणजे वरचा काचेचा भाग आत जातोय, खालचा पत्रा बाहेर येतोय, आणि या दोन्हीच्या मधे जी वळणदार जागा तयार होते तिथेच सगळी गंमत आहे. स्टायलिस्टने स्केचमध्ये स्नायू काढले आणि इंजिनिअरने कसंबसं बसवलं असा हा प्रकार नाही, इथे सस्पेन्शनने आकार ठरवलाय. म्हणून तो चुकला की गाडी लगेच साधी यारिस दिसायला लागते.

आता डेंटकडे. याची कारणं दोन निघाली आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतली होती की एक सुधारलं तरी काहीच फरक पडत नव्हता, त्यामुळे बराच काळ वाटत होतं की आपण भलतीकडेच शोधतोय.

पहिलं कारण ब्लूप्रिंट. सगळीकडे फिरत असलेली चार व्ह्यूची ती जी काळ्या बॅकग्राउंडची शीट आहे, ती लांबीला ३९९५ मिमीवर स्केल केली की व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) बरोबर २५६० येतो, चाकांचे सेंटर जुळतात, त्यामुळे विश्वास बसतो. पण त्याच स्केलवर छताचा मागचा भाग बघितला तर तो वरच राहतो. बहुतेक कोणीतरी साध्या यारिसच्या ड्रॉइंगवर जीआरचे बंपर आणि आर्च (चाकांवरच्या कमानी) चिकटवलेत. १/२४ मध्ये ९१ मिमी म्हणजे जवळपास ३.८ मिमी, आणि ६ सेंटिमीटर उंचीच्या मॉडेलवर एवढा फरक म्हणजे पूर्ण सी-पिलरचा (छताला धरणाऱ्या मागच्या खांबाचा) उतारच बदलला. पिलर उभा राहिला की खांदा (काचेखालचा बाहेर आलेला पत्रा) अरुंद होतो, खांदा अरुंद झाला की फेंडरला बाहेर यायला जागाच उरत नाही, मग पत्रा थोड्या जागेत जास्त वळतो आणि हायलाइट तिथे चिमटला जातो. हे ब्लूप्रिंट बघून कधीच कळलं नसतं. लांबून, टेलिफोटोने काढलेले फोटो शोधले, ते एफस्पायमध्ये (फोटोवरून कॅमेऱ्याची जागा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकून कॅमेरा मॅच केला आणि मॉडेलची रेघांची जाळी वर ठेवली, तेव्हा बेल्टलाइनपर्यंत (काचेच्या खालच्या कडेपर्यंत) सगळं बसलं आणि तिथून वर छत फोटोतल्या छताच्या डोक्यावरून गेलं. तेव्हा ती शीट काढूनच टाकली. आता फक्त चार आकडे धरलेत, लांबी ३९९५, रुंदी १८०५, उंची १४५५ आणि व्हीलबेस २५६०, बाकी सगळं मॅच केलेल्या फोटोंवरून. जवळून मोबाइलने काढलेले फोटो यासाठी घेऊ नका, वाइड लेन्समुळे जवळचा फेंडर फुगतो आणि ही गाडी आधीच फुगीर आहे, दोन्ही एकत्र आलं की काय खरं तेच कळत नाही.

छत खाली आणलं, पिलर झोपवला, आणि डेंट तसाच! थोडा पसरट झाला एवढंच. इथे मात्र मी खरंच वैतागलो, प्रोजेक्ट बंद करून बाजूला ठेवला होता.

दुसरं कारण टोपोलॉजी, म्हणजे मॉडेलच्या जाळीतल्या रेघांची मांडणी. आपण सगळे आर्च कसा करतो, चाकाभोवती गोल एज लूप (जाळीतली सलग रेघ) घ्यायचा, तो बाहेर ओढत (एक्सट्रूड करत) न्यायचा आणि दाराकडून येणाऱ्या आडव्या लूपना जोडायचा. या जोडणीत पाच एजेस एकत्र येणारे पोल तयार होतात, ते टाळता येत नाहीत, आणि ट्युटोरियलमध्ये ते सर्रास आर्चच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात ठेवतात. साध्या गाडीत ते खपून जातं, कारण तिथे पत्रा बऱ्यापैकी सपाट असतो. यारिसमध्ये नेमकं तिथेच वळण सगळ्यात जास्त आहे. कॅटमुल-क्लार्क सबडिव्हिजनचं (जाळी बारीक करत पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या पद्धतीचं, थोडक्यात सबडीचं) गणित असं आहे की बाकी सगळीकडे सरफेस वक्रतेपर्यंत सलग राहतो, पण पोलच्या बिंदूवर फक्त टॅन्जन्ट (उताराची दिशा) जुळतो, वक्रता जुळेलच याची हमी नाही. म्हणजे सबडीच्या लेव्हल कितीही वाढवा, तो बिंदू तसाच राहणार, ताणलेल्या चादरीला मधेच गाठ मारून ठेवल्यासारखा. मॅट मटेरियलमध्ये दिसत नाही, ग्लॉस लावला की ओरडून सांगतो. स्मूथ ब्रश मारल्याने गाठ सुटत नाही, आजूबाजूची चादर सैल होते, आणि खांद्याची ती कडक धार जी आपल्याला हवीये तीच निघून जाते.

मग पोल जायचा कुठे? मागे सरकवला तर टेललाइटच्या कोपऱ्यात गर्दी, वर सरकवला तर काचेच्या कडेला, खाली नेला तर आर्चची लिप (कड) बिघडते. शेवटी सुचलं ते इतकं साधं आहे की लिहिताना मलाच मजा वाटतेय: पोल दाराच्या गॅपमध्ये ठेवायचा. दाराची मागची शटलाइन (दोन पत्र्यांमधली फट) आर्चच्या अगदी पुढून जाते, आणि तिथे खऱ्या गाडीतसुद्धा पत्रा तुटलेलाच असतो. डोळा फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा हायलाइट एकमेकांशी जुळतोय का एवढंच बघतो, फटीच्या आत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुढचा पोल शटलाइनवर, मागचा बंपर आणि क्वार्टर पॅनलच्या जोडावर, आणि दोन्हीच्या मधे क्वाडची (चार बाजूंच्या तुकड्यांची) स्वच्छ जाळी, एकही पोल नाही.

हे करताना पद्धतही बदलली. आता आधी गॅप, दार, दिवे, फ्युएल फ्लॅप काहीही न कापता नुसता सलग बेस सरफेस केला, जितके कमी कंट्रोल पॉइंट चालतील तितके कमी ठेवून. खांद्याची लाइन क्रीज देऊन नाही केली, दोन लूप जवळ आणून केली, कारण दाराच्या मधोमध ती जवळजवळ दिसत नाही आणि चाकावर येईपर्यंत कडक होते, म्हणजे लूपमधलं अंतर हळूहळू कमी करत न्यायचं. मग त्या मेशची (जाळीची) कॉपी, त्यावर पॅनल कापणी, आणि ती कॉपी श्रिंकरॅप टूलने बेसवर चिकटवली. कापणीमुळे जे काही एनगॉन (चारपेक्षा जास्त बाजूंचे तुकडे) आणि तिरके एज येतात त्यांचा आकारावर परिणामच होत नाही, आकार खालच्या सरफेसचा. गॅपच्या कडेला शेडिंग थोडं घाण येत होतं, ते डेटा ट्रान्सफरने बेसचे नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे त्या दिशा) घेऊन साफ झालं. यापुढे कोणतीही गाडी मी याच पद्धतीने करणार.

प्लॅस्टिसिटी (दुसरं एक मॉडेलिंग सॉफ्टवेअर) वापरा असं दोघांनी सुचवलं होतं, तेही करून बघितलं. खरं सांगायचं तर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सांगेन, त्यातल्या नर्ब्समध्ये (गणिती वक्रांवर चालणाऱ्या पद्धतीत) जी२ ब्लेंड (वक्रताही जुळवणारा जोड) एका कमांडमध्ये मिळतो आणि प्रिंटसाठी सॉलिड तयार असतं. माझ्या हाताला मात्र अशा फुगीर आकारासाठी सबडीच बरी वाटते, कारण एक पॉइंट धरून बाहेर ओढला की सगळा खांदा सोबत येतो, पॅच पुन्हा ट्रिम करत बसावं लागत नाही. ग्रिल, डिफ्युझर, ब्रेक कॅलिपर वगैरे कडक गोष्टी मात्र आता तिथेच करणार.

आर्च जुळल्यावर बाकीच्या हॉट हॅचकडे (छोट्या वेगवान गाड्यांकडे) बघायची नजरच बदलली. होंडा सिव्हिक टाइप आरचंच घ्या, एफके८ ला (आधीच्या पिढीला) रुंदी वरून चिकटवल्यासारखी होती, आर्चचे तुकडे वेगळे कळायचे. एफएल५ ला (त्यानंतरच्या पिढीला) होंडाने मागची दारंच टाइप आरसाठी वेगळी बनवली, त्यामुळे पत्रा दारातूनच बाहेर यायला लागतो आणि गाडी एकसंध वाटते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं हॉट हॅचच्या डिझाइनमधलं सगळ्यात चांगलं सुधारलेलं काम ते आहे, आणि लोक अजूनही फक्त विंगबद्दल बोलतात. अल्पाइन ए२९० मध्येही रेनो ५ पेक्षा ट्रॅक ६० मिमी वाढवलाय, आर्च छान चौकोनी, रेनो ५ टर्बोची आठवण येणारच. पण तिथे पुढचे दिवे आणि त्यातले ते क्रॉस आधी लक्ष वेधतात, आर्च नंतर. यारिसमध्ये उलटं, समोरून गाडी तशी साधी आहे, मागच्या तीन-चतुर्थांश अँगलला आलं की जीव अडकतो.

छोटे आनंद पण सांगतो. दाराच्या काचेला फ्रेम नाहीये हे मॉडेलमध्ये आणायचं होतं, ते आलं, काच वर सरळ छताच्या रबराला टेकते आणि ती बारीक सावली रेंडरमध्ये फार गोड दिसते. टायर २२५/४० आर१८, हिशोब केला तर व्यास साधारण ६३७ मिमी, म्हणजे १/२४ ला २६.५ मिमी. हा आकडा टाकल्यावर टायर आणि आर्चमधला गॅप फोटोसारखा आला, कुठे ढकलाढकल करावी लागली नाही. पुढची डिस्क ३५६ मिमीची, स्पोकमधून ती जवळपास पूर्ण रिम भरते, ते बघूनही समाधान वाटलं. आणि छत! बाजारातल्या कार्बन डीकलमध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चित्रात) ट्विल विणीचे चौकडे असतात, या गाडीचं छत तसलं नाही, ते तुकडे केलेल्या कार्बन फायबरचं दाबून बनवलेलं आहे, त्यामुळे पॅटर्न संगमरवरी ठिगळांचा हवा. व्होरोनॉय (ठिगळांसारख्या) टेक्स्चरवर थोडा नॉइज टाकून प्रत्येक ठिगळाची चमक वेगळ्या दिशेला फिरवली, रेंडरसाठी हे पुरेसं झालं. प्रिंटसाठी डीकल स्वतः छापावं लागेल. एका विक्रेत्याकडून 'फोर्ज्ड पॅटर्न' म्हणून मागवलेलं आलं ते ट्विलच, आणि पॅटर्नचा दाणा एवढा मोठा की १/१२ ला शोभेल.

आता कुठलं व्हर्जन हा प्रश्न. सुरुवात २०२० च्या गाडीने केली होती, कारण ब्लूप्रिंट तिचीच होती. ती शीट गेली तर तिच्यासोबत ते बंधनही गेलं की! २०२४ च्या अपडेटमध्ये मागचे दिवे आडव्या पट्टीने जोडले, वरचा ब्रेक लाइट स्पॉइलरमधून काढून त्याच पट्टीत आणला, म्हणजे स्पॉइलर बदलायला मोकळा. बऱ्याच जणांना ती पट्टी आवडत नाही, हल्ली सगळ्याच गाड्यांना असते म्हणतात, आणि मलाही आधी तसंच वाटायचं. पण खांद्याचा हायलाइट जिथे संपतो तिथून ती पट्टी सुरू होते आणि पलीकडच्या खांद्यापर्यंत जाते, त्यामुळे मागून गाडी अजून रुंद आणि खाली बसलेली दिसते. दोन्ही मागचे भाग एकाच बेसवर लावून बघितले आणि २०२४ चा जिंकला, माझ्यापुरता तरी विषय संपला.

हे लिहिता लिहिताच अजून एक गोष्ट डोक्यात आली. २०२४ च्या पुढच्या बंपरचा खालचा भाग वेगळ्या तुकड्यांत केलाय, म्हणजे ट्रॅकवर एक कोपरा घासला तर तेवढाच बदलता यावा, अख्खा बंपर नाही. मी बॉडी एकाच पीसमध्ये प्रिंट करणार होतो, आणि त्यात कायमची कटकट अशी की कुठल्याही अँगलला ठेवली तरी सपोर्टच्या (प्रिंटला धरणाऱ्या काड्यांच्या) खुणा कुठेतरी दिसणाऱ्या जागी येतात. मग कंपनीने जिथे जोड दिलेत तिथेच प्रिंट का कापू नये? पुढचा बंपर, त्याचे खालचे तुकडे, मागचा बंपर, बॉनेट सगळं वेगळं, जोड खऱ्या शटलाइनवर, म्हणजे पुट्टी भरून घासायचा प्रश्नच नाही, फट ही तिथे असायलाच हवी. सपोर्ट प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला. आणि खालची ग्रिल स्टीलच्या पातळ जाळीची आहे, ती रेझिनमध्ये प्रिंट करण्यापेक्षा फोटो-एच (रसायनाने कोरलेली धातूची) जाळी कापून मागून बसवता येईल, बंपर वेगळा असेल तर हात आत जातो. म्हणजे बॉडीची एसटीएल (प्रिंटची फाइल) जी तयार झाली असं मागे सांगितलं होतं ती आता पुन्हा कापायची, चालेल. ज्यांना ती फाइल पाठवायची कबूल केली होती त्यांनी थोडं थांबा, नवीन देतो.

प्रिंटबद्दल ठरलेलं: मेन बॉडी साधारण ४५ अंशात तिरकी, कारण आडवी ठेवली की छतावर आणि बॉनेटवर लेयरच्या पायऱ्या गोल गोल दिसतात आणि घासताना खांद्याची धार जाते. पॅनल लाइन खऱ्या मापात ठेवल्या तर १/२४ ला ०.१५ मिमीच्या आसपास येतात आणि पहिल्याच प्रायमरमध्ये बुजतात, म्हणून ०.३५ रुंद आणि तेवढ्याच किंवा जास्त खोल. भिंतीची जाडी १.५ मिमी, ए-पिलरला जाडी मिळत नाही म्हणून तिथे आतून तात्पुरती काडी, काच बसवायच्या आधी कापायची. रेझिन एबीएस-लाइक घ्या, साध्या राखाडी रेझिनचे पातळ पिलर सपोर्ट काढतानाच मोडतात. घासणं ८०० च्या वॉटर पेपरने सुरू, त्याच्या खाली खांद्याच्या आसपास जायचंच नाही.

इंटिरियर अजून नुसतं ब्लॉकिंगवर आहे, पण त्यावरही बोलायचंय कारण २०२४ च्या डॅशबोर्डवर मतं फार टोकाची आहेत. चौकोनी खोकं ठेवलंय, स्वस्त दिसतं, असं बरेच म्हणतात. मी उलट बाजूचा. डॅश ड्रायव्हरकडे १५ अंश वळवलाय, वरची कड ५० मिमी खाली घेतली, सीट २५ मिमी खाली, आतला आरसा काचेच्या वरच्या कडेला सरकवला, आणि बटणं अशी ठेवली की हार्नेस बांधून बकेट सीटमध्ये बसलं तरी हात पोचावा. ब्लॉकिंगमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा ठेवून दोन्ही डॅश बघितले तर पुढे रस्ता किती जास्त दिसतो ते लगेच कळतं, फोटोत ते कळतच नाही कारण फोटो नेहमी मागच्या सीटवरून काढलेला असतो. खरी बटणं हवीत हे तर आता फोक्सवॅगनलाही पटलं, आठव्या गोल्फ जीटीआयच्या स्टीअरिंगवरची टचची बटणं अपडेटमध्ये काढून पुन्हा दाबायची दिली. ए२९० च्या स्टीअरिंगवरचं ओव्हरटेकचं लाल बटणही मला आवडतं, इलेक्ट्रिकमध्ये ड्रायव्हरला काहीतरी करायला दिलंय.

गिअरबॉक्सचं अजून ठरत नाही. ८ स्पीड ऑटोमॅटिक आल्यावर बरीच नाराजी झाली, पण मॅन्युअल बंद केला नाही, दोन्ही मिळतात, मग तक्रार कसली हे मला कळत नाही, उलट ज्यांना डाव्या पायाने ब्रेक मारायचाय त्यांची सोय झाली. मॉडेलला मात्र ६ स्पीडचा लिव्हरच लावणार, काचेतून तो दिसायला हवा.

एअरो पॅकेजचं काहींनी विचारलं होतं, ते बॉनेटवरचं डक्ट आणि अँगल बदलता येणारी मागची विंग. डक्ट करून ठेवतो, बॉनेट आता वेगळा तुकडा असल्यामुळे दोन्ही बॉनेट प्रिंट करून ज्याला जे हवं ते लावता येईल. विंग मी माझ्या गाडीला लावणार नाही, मागून खांदा झाकला जातो, एवढा खटाटोप करून तोच लपवायचा नाहीये.

पुढे आधी बॉडी जोडांवर कापणं, मग फक्त मागचा डावा क्वार्टर टेस्ट म्हणून प्रिंट, त्यावर ग्लॉस काळा मारून ट्यूबलाइटखाली बघणं. स्क्रीनवर जुळलेलं रेझिनमध्ये जुळतं का ते तिथेच कळेल, कारण क्युअर होताना पातळ पत्रा थोडा आकसतो आणि आर्चची लिप आत ओढली जाते असा मागच्या प्रोजेक्टचा अनुभव आहे. त्यासाठी लिपच्या आत एक रिब द्यावी असं डोक्यात आहे. कोणी अशी रिब दिली असेल तर जाडी किती ठेवली ते सांगा, आणि २०२४ च्या गाडीचा मागचा बंपर खालून, एक्झॉस्टच्या आजूबाजूचा, लांबून काढलेला स्वच्छ फोटो कोणाकडे असेल तर पाठवा, तिथे गार्निशमध्ये हवा जायला जे ओपनिंग दिलंय त्याची खोली मला अजून एकाही फोटोत नीट दिसलेली नाही.